सारासोटाचं सर्कस म्युझियम : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फ्लोरिडातल्या मराठी घरी भारतातून आईवडील आले की सहलीचा बेत जवळपास ठरलेला असतो. ऑरलँडोचं डिस्ने, केप कॅनाव्हरलचं अंतराळ केंद्र, एखादा समुद्रकिनारा, एखादं देऊळ. सारासोटाचं नाव त्यात क्वचित निघतं. ते निघावं असं मला मनापासून वाटतं, कारण तिथल्या 'द रिंगलिंग' या म्युझियममध्ये जुन्या तंबूच्या सर्कशीचं जे दालन आहे, ते बघायला आपल्या आईवडिलांच्या पिढीइतका योग्य प्रेक्षक दुसरा नाही. गावाबाहेरच्या मैदानात तंबू उभा राहताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला असतो. शिवाय भारतीय सर्कस सुरू केली ती सांगलीकडच्या माणसाने, आणि याच रिंगलिंग सर्कशीत बिबळ्यांचे खेळ केले ते पुण्याच्या माणसाने.

म्युझियम बघायची सवय नसलेल्यांसाठी हा लेख आहे. चित्रं, पोस्टर, पोशाख यांच्यासमोर उभं राहून नेमकं काय बघायचं, हा प्रश्न पडणाऱ्यांसाठीही. माझा आग्रह एकच आहे : सर्कशीची मागची बाजू आधी बघा. रिंगणातली झगमग नंतर आपोआप कळते.

निघण्याआधी

टँपाहून साधारण साठ मैल, म्हणजे तासाभराचा रस्ता. ऑरलँडोहून दोन-सव्वादोन तास धरा. सारासोटाचा विमानतळ म्युझियमला अगदी लागून आहे, त्यामुळे दुसऱ्या राज्यातून विमानाने येणाऱ्यांना गाडी नसली तरी अडत नाही.

हा एकूण ६६ एकरांचा परिसर आहे. त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात : सर्कसमालक जॉन रिंगलिंगने उभारलेलं कलासंग्रहालय, खाडीकाठचा त्याचा महाल 'का द्झान', बागा, आणि सर्कस म्युझियम. सर्कस म्युझियमच्या पुन्हा दोन इमारती आहेत, एक १९४८ साली सुरू झालेलं जुनं म्युझियम आणि दुसरं २००६ सालचं टिबल्स सेंटर. बरेच लोक एकच इमारत बघून परततात. दोन्ही बघा.

सोमवारी प्रवेश फुकट असतो असं कुणीतरी सांगेल. ते खरं आहे, पण तो फुकट प्रवेश कलासंग्रहालय आणि बागांपुरता. सर्कशीसाठी तिकीट लागतंच. म्हणून सोमवार टाळलेला बरा, गर्दी जास्त असते. तिकिटांचे दर आणि वेळा संकेतस्थळावर त्याच आठवड्यात बघून घ्या, कारण वादळाच्या दिवसांत वेळापत्रक बदलतं. साधारणपणे सकाळी दहाला दारं उघडतात. उघडता उघडता पोचा.

जून ते सप्टेंबर दुपारी हमखास पाऊस येतो आणि ऊन असेल तर घामाच्या धारा लागतात. सगळ्या इमारतींत थंड हवा आहे, पण एकीतून दुसरीत जाताना उघड्यावरून चालावं लागतं. छत्री ठेवा, पायात चालायचे बूट घाला. मोठी बॅग गाडीतच राहू द्या. आत गारठायला होतं, तेव्हा आईसाठी शाल हाताशी असू द्या.

नुसत्या सर्कशीला तीन तास राखून ठेवा. आधी सर्कस, मग जेवण, मग बाकीचं. उलट क्रम लावला तर महाल आणि तैलचित्रं बघून सगळे दमतात आणि सर्कस उरकली जाते.

गाडीत सांगायची गोष्ट

जायच्या वाटेवर मुलांना थोडा इतिहास सांगून ठेवला की आतल्या वस्तू बोलायला लागतात. इतकं पुरे :

आधुनिक सर्कशीचा जन्म १७६८ साली लंडनमध्ये झाला. फिलिप ॲस्टली नावाचा घोडदळातला माणूस घोड्याच्या पाठीवर उभं राहून कसरती करायचा. घोडा गोल धावला की स्वार बाहेर फेकला जाऊ नये म्हणून आतल्या बाजूला झुकतो, आणि त्या झुकण्यातच त्याला तोल सापडतो. हे गोल फार लहान असून चालत नाही, फार मोठं असूनही चालत नाही. पुढे ४२ फूट व्यासाचं रिंगण जगभर रूढ झालं. म्हणजे हे रिंगण मुळात घोड्यासाठी आखलेलं. झुले, वाघ आणि विदूषक नंतर त्यात आले.

आपल्याकडेही सुरुवात घोड्यानेच झाली. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे पट्टीचे घोडेस्वार. मुंबईत आलेली कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस त्यांनी पाहिली आणि १८८० साली स्वतःची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पुढे दौऱ्यावर असताना केरळात तलश्शेरीला त्यांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या कसरतशिक्षकाशी पडली, आणि तिथून केरळ सर्कशीचं माहेरघर झालं. छत्र्यांच्या पाठोपाठ म्हैसाळचे देवल, कार्लेकर अशा एकाहून एक सर्कशी सांगली-मिरजेच्या पट्ट्यातून निघाल्या. छत्रे गाण्याचेही वेडे होते. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमतखाँ त्यांच्या आश्रयाला होते आणि सर्कशीबरोबर फिरत होते. घरात गाणं ऐकणारं कुणी असेल तर ही गोष्ट त्यांना जरूर सांगा.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रिंगलिंग भावांनी १८८४ साली सर्कस काढली. १९०७ साली त्यांनी बार्नम अँड बेली ही सगळ्यांत मोठी प्रतिस्पर्धी सर्कस विकत घेतली आणि १९१९ पासून दोन्ही एकत्र केल्या. हिवाळ्यात एवढा बारदाना कुठेतरी मुक्कामाला ठेवावा लागतो. १९२७ साली जॉन रिंगलिंगने तो मुक्काम सारासोटाला आणला, म्हणून हे म्युझियम इथे आहे. १९३६ साली तो वारला आणि इस्टेट फ्लोरिडाच्या जनतेच्या नावावर करून गेला.

आत गेल्यावर सरळ मॉडेलकडे

टिबल्स सेंटरमध्ये शिरलात की आजूबाजूला न रेंगाळता हॉवर्ड ब्रदर्स सर्कशीच्या मॉडेलपाशी, म्हणजे अख्ख्या सर्कशीच्या छोट्या प्रतिकृतीपाशी जा. सगळ्या म्युझियमचा जीव यात आहे. हॉवर्ड टिबल्स नावाच्या एका माणसाने १९५६ सालापासून पन्नासेक वर्षं खपून हे केलं. योगायोग बघा, त्याच वर्षी जुलैत रिंगलिंग सर्कशीने पिट्सबर्गला शेवटचा खेळ तंबूत केला आणि नंतर ती बंदिस्त सभागृहांत गेली. मूळ सर्कशीचं नाव वापरायची परवानगी मिळाली नाही, म्हणून टिबल्सने स्वतःचं पहिलं नाव दिलं. बाकी सगळं १९१९ ते १९३८ मधल्या रिंगलिंग सर्कशीचं.

प्रमाण आहे एका फुटाला पाऊण इंच. म्हणजे सहा फुटांचा माणूस साडेचार इंचांचा, आणि ४२ फुटांचं रिंगण साडेएकतीस इंचांचं. वस्तू ४२,००० च्या वर. आठ मोठे तंबू, १५२ गाड्या, तेराशे माणसं, आठशेवर जनावरं आणि सगळं वाहून नेणारी आगगाडी. काचेच्या कडेने फिरत ३,८०० चौरस फुटांचं हे गाव बघायचं असतं.

पहिल्यांदा बघणाऱ्याचं काय होतं, तर सगळं दिसतं आणि काहीच दिसत नाही. म्हणून मी सांगते त्या क्रमाने चला.

आधी आगगाडी शोधा. सर्कस पहाटे गावात यायची ती रुळांवरून. सपाट डब्यांवर सर्कशीच्या गाड्या एकामागे एक उभ्या केलेल्या असत. दोन डब्यांमधल्या फटीवर लोखंडी फळी टाकायची आणि गाडी एका डब्यावरून दुसऱ्यावर ढकलत शेवटच्या डब्यापर्यंत आणायची, तिथून उतारावरून खाली. घोडे ओढायचे, एक माणूस पुढचा दांडा धरून दिशा द्यायचा, आणि खाली येताना गाडी सुटू नये म्हणून दुसरा माणूस खुंटाला दोराचे वेढे देऊन तो हळूहळू सोडायचा. जे आधी लागणार ते आधी उतरलं पाहिजे, असं भरतानाच ठरवलेलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बार्नम अँड बेली युरोपात फिरत होती तेव्हा जर्मन लष्करी अधिकारी ही चढउतार टिपून घ्यायला येत, असं सांगतात.

सगळ्यांत आधी काय उतरायचं? भटारखाना. म्हणून दुसरा मुक्काम जेवणाचा तंबू. इथे गुडघे टेकून बघा, खरंच. टेबलांवर ताटल्या मांडल्या आहेत, प्रत्येक ताटली नखाएवढी. तेराशे माणसांचं तीन वेळचं जेवण, तेही रोज नव्या गावात. जेवण तयार झालं की तंबूवर झेंडा चढायचा; तो दिसेपर्यंत कुणी आत जायचं नाही. कलाकार आणि मुकादम एका बाजूला, मजूर दुसऱ्या बाजूला, मध्ये पडदा. आपल्याला पंक्तिभेद काय असतो हे सांगावं लागत नाही, त्यामुळे हा तंबू आपल्याला चटकन समजतो.

मग मोठा तंबू. आत काय चाललंय याआधी तो उभा कसा आहे ते बघा. मधले मोठे खांब आधी उभे करायचे, कापड जमिनीवर पसरून त्याचे तुकडे दोराने एकमेकांत ओवायचे, मग ते खांबांवरून वर खेचायचं. ओढायला घोडे, कधी हत्ती. कडेच्या दोरांसाठी शेकडो खुंट. एका खुंटाभोवती सहा-आठ माणसं घण घेऊन उभी राहायची आणि ओळीने एकेकाचा घाव पडायचा, मध्ये क्षणाचीही फट नाही. माझे सासरे मिरजेचे. ते या खुंटांपाशी इतका वेळ उभे राहिले की आम्ही पुढे जाऊन परत आलो. मिरजेच्या मैदानात सकाळी शाळेत जाताना बघितलेली माणसं कशी उघडी, घामाने निथळणारी होती, आणि संध्याकाळी तीच जरीचे डगले घालून हत्तीपुढे चालायची, हे त्यांनी तिथे सांगितलं. तोवर त्यांच्या तोंडून सर्कशीचा विषय कधी निघाला नव्हता.

चौथी जागा म्हणजे तंबूमागचं आवार. कपडे बदलायचे तंबू, घोड्यांचे तबेले, वाट बघत बसलेले कलाकार. प्रेक्षकाला हे कधीच दिसत नसे. टिबल्सने याच भागावर सर्वांत जास्त जीव लावलाय असं मला वाटतं. मुलांना इथे एक काम द्या : झोपलेला माणूस शोधा, पाणी वाहणारा शोधा, दाढी करणारा सापडतो का बघा. हे सगळे आहेतच अशी हमी मी देत नाही, पण शोधता शोधता अर्धा तास जातो आणि काय काय सापडतं ते घरी जाईपर्यंत बोललं जातं.

शेवटी रिंगणात या. एकाच वेळी तीन रिंगणांत वेगवेगळे खेळ चाललेत. एका प्रेक्षकाला सगळं दिसणं शक्यच नसे. अमेरिकी सर्कशीचा हा खास थाट. आपल्याकडच्या एका रिंगणाच्या सर्कशीत झुल्यावरची मुलगी हात सोडते तेव्हा सगळा तंबू श्वास रोखतो. ते मला जास्त मोलाचं वाटतं. तुम्ही बघून ठरवा.

पोस्टर कसं बघायचं

मॉडेलनंतर पोस्टरांकडे गेलात तर फरक लगेच जाणवतो. तिथे काम होतं, इथे जाहिरात. वाघ तंबूएवढा, झुला आभाळात, हत्तींची रांग क्षितिजापर्यंत. हे फुगवून काढलेलं आहे हे तेव्हाच्या लोकांनाही ठाऊक होतं, तरी ते यायचे.

आधी लांबून बघा. पोस्टर रस्त्यापलीकडून, धावत्या टांग्यातून वाचता यावं म्हणून केलेलं असतं. मग जवळ जा, इतकं जवळ की रंगाचे ठिपके दिसतील. ही शिळाछापाची कामं आहेत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं. शिळा ओली केली की शाई फक्त तेलकट जागी चिकटते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. वाघाच्या अंगावरचा नारिंगी बघायचा असेल तर पिवळे आणि लाल ठिपके वेगवेगळे ओळखून पाहा. त्या काळी सर्कशीच्या पोस्टरांत सिनसिनाटीची स्ट्रोब्रिज कंपनी अव्वल मानली जायची.

हे तंत्र आपल्या घरात होतं, हे मुलांना आवर्जून सांगा. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला नेला. आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती अशाच शिळांवरून, एकेक रंग चढवत छापली गेली. मळवलीचा छापखाना आणि सिनसिनाटीचा छापखाना एकाच काळात चालू होते. एक देव छापत होता, दुसरा वाघ. मला हा धागा सापडला तेव्हापासून मी सर्कशीची पोस्टरं नुसती पोस्टरं म्हणून बघू शकत नाही.

पोस्टराच्या खाली एक अरुंद पट्टी जोडलेली दिसली तर थांबा. गावाचं नाव आणि तारीख त्या पट्टीवर असते. चित्र एकच, हजारो प्रतींत छापलेलं. पट्टी गावागणिक बदलायची. सर्कशीच्या काही आठवडे आधी एक स्वतंत्र रेल्वेचा डबा त्या मार्गाने जायचा, त्यात पोस्टर चिकटवणारी टोळी आणि खळीची पिंपं. दुकानदाराने काचेत पोस्टर लावू दिलं तर त्याला फुकट पास. दुसरी सर्कस आधी येणार असेल तर 'थांबा, मोठी सर्कस येतेय' अशा अर्थाची पोस्टरं लागायची, म्हणजे लोकांनी पैसे राखून ठेवावेत. काही चित्रं तर तयार मालासारखी विकली जायची. तोच गुरगुरणारा वाघ, वर सर्कशीचं नाव फक्त वेगळं.

पोस्टरांत हिंदुस्थान भरपूर सापडेल. अंबारी, पगड्या, महाराजे, नर्तकी. १९०४ च्या सुमाराला बार्नम अँड बेलीने दिल्ली दरबाराचा भव्य देखावाच सादर केला होता. त्यात दाखवलेला हिंदुस्थान कुणाच्याही ओळखीचा नाही. वाईट वाटून पुढे जाऊ नका, नीट बघा. आपल्याबद्दल काय समजूत होती हे त्यातून स्पष्ट कळतं.

जुन्या इमारतीतल्या गाड्या

या भागात थोडं भराभर चाललं तरी चालेल. कोरीव, सोनेरी रंगवलेल्या मिरवणुकीच्या गाड्या आहेत. सर्कस गावात आली की आधी रस्त्यावरून मिरवणूक निघायची, तीच तिची सगळ्यांत मोठी जाहिरात. १९२० च्या आसपास मोटारी वाढल्या, तळ गावाबाहेर लांब गेले आणि मोठ्या सर्कशींनी मिरवणुका बंद केल्या. गाडीचं कोरीवकाम सगळेच बघतात. तुम्ही वाकून चाकंही बघा. काही चाकांच्या आऱ्यांमध्ये रंगीत पाकळ्या बसवलेल्या असतात, चाक फिरलं की फूल फिरल्यासारखं दिसावं म्हणून.

जॉन रिंगलिंगचा खासगी रेल्वेचा डबा 'विस्कॉन्सिन' इथेच आहे. पुलमन कंपनीने १९०५ साली बांधलेला. बाहेरून, खिडक्यांतून डोकावून बघायचा. लाकडी नक्षी, जेवणाचं टेबल, झोपायची खोली. मॉडेलमधल्या मजुरांच्या डब्यांची आठवण ठेवून बघितला तर मालक आणि मजूर यांच्यातलं अंतर समोर उभं राहतं.

झाकीनी कुटुंबाची तोफ मुलांना सोडवत नाही. ट्रकवर बसवलेली रुपेरी नळी, आणि तिच्यातून माणूस उडवायचा. तो दारूगोळ्याने उडत नाही. आत दाबलेल्या हवेने ढकललेलं आसन असतं. धूर आणि धमाका फक्त प्रेक्षकांसाठी. उडण्यापेक्षा जाळ्यात पाठीवर उतरणं जास्त अवघड, आणि जाळं किती अंतरावर बांधायचं हा सगळा हिशेबाचा मामला.

पोशाख

लांबून चकचकीत, जवळून शिवणकाम. काचेला नाक लावून बगलेची शिवण बघा : हात वर गेला की कापड ओढलं जाऊ नये म्हणून तिथे चौकोनी तुकडा घातलेला असतो. झुलेवाल्यांच्या कपड्यात टिकल्या कुठे नाहीत ते बघा. पकडणाऱ्याचा हात जिथे लागतो, गुडघा जिथे दांड्यावर येतो, तिथे काही टोचून चालत नाही. कापडाच्या झिजेवरून खेळ ओळखता येतो. आपल्या आयांना, सासवांना शिवणातलं कळतं. या काचेसमोर त्यांना बोलू द्या, तुम्ही ऐका.

झुल्याच्या दालनात लिलियन लाइत्झेलचं नाव दिसेल. उंची पाच फुटांच्याही आत. एका हाताने कडी धरून, खांदा निखळून जागेवर येईल इतक्या जोराने ती अंग गरागरा फिरवायची आणि प्रेक्षक मोठ्याने मोजायचे. १९३१ साली कोपनहेगनमध्ये कडीचा धातू तुटला, ती खाली पडली आणि दोन दिवसांनी गेली. त्या काळची ती सर्वांत मोठी तारका होती.

जनावरं, आणि दाखवली गेलेली माणसं

हा भाग मुलांबरोबर बघताना प्रश्न येणारच. टाळू नका.

एक प्रश्न जनावरांचा. पिंजरे आणि चाबूक बघून आजच्या मुलाला त्रास होतो, आणि तो व्हावाच. भारतात १९९८ साली अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामाला लावणंही बंद केलं. रिंगलिंग सर्कशीने २०१६ साली हत्ती निवृत्त केले, २०१७ साली सर्कसच थांबली, आणि २०२३ साली ती पुन्हा सुरू झाली ती जनावरांशिवाय. एवढं सांगितलं की मुलांना दिशा मिळते.

पण मग दामू धोत्रे यांचं काय? १९०२ साली पुण्यात जन्मलेला हा माणूस मामाच्या सर्कशीत लहानपणीच दाखल झाला, सायकलच्या कसरतींपासून सुरुवात करून हिंस्र जनावरांकडे वळला, युरोपात गेला आणि १९४० साली आल्फ्रेड कूर या फ्रेंच शिक्षकाबरोबर रिंगलिंग सर्कशीत आला. बिबळे, प्यूमा, जॅग्वार एकाच पिंजऱ्यात घेऊन काम करणं ही त्यांची ख्याती. डोक्याला फेटा आणि उघडी छाती. त्यांच्या फोटोंकडे बघताना माझ्या मनात अभिमानही येतो आणि पिंजऱ्यातल्या जनावराची कणवही येते. दोन्ही येऊ द्यावं असं माझं मत आहे; एकासाठी दुसरं पुसायची गरज नाही. १९७३ साली ते पुण्यातच वारले. म्युझियममधल्या स्वयंसेवकांना त्यांच्याबद्दल विचारा. आपण विचारत राहिलो तर हे नाव तिथे बोललं जाईल. मला हे महत्त्वाचं वाटतं.

दुसरा प्रश्न माणसांचा. मॉडेलमध्ये मोठ्या तंबूकडे जाणाऱ्या वाटेवर एक बाजूचा तंबू आहे, समोर रंगवलेले उंच पडदे. खूप उंच, खूप बुटकी, खूप जाड, दाढीवाली बाई, 'दूरदेशीचे रानटी' अशी माणसं तिथे पैसे घेऊन दाखवली जायची. बार्नमने १८८४ साली जगभरच्या 'जमातीं'चं प्रदर्शनच भरवलं होतं. कृष्णवर्णीय वादकांचा बँडही याच तंबूत वाजायचा, पी. जी. लावरी यांच्यासारखा नावाजलेला बँडमास्टर रिंगलिंगमध्ये होता, पण मोठ्या तंबूतल्या बँडमध्ये त्याला जागा नव्हती. तमाशाच्या फडातल्या कलावंतांबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते आठवून इथे थोडं थांबा. कला सगळ्यांना हवी, कलावंत मात्र उंबऱ्याबाहेर.

वयस्कर मंडळी आणि लहान मुलं

व्हीलचेअर मिळते, दारातच विचारा. टिबल्स सेंटरला वरचा मजला आहे आणि लिफ्टही आहे. बसायला बाकं आहेत, पण मॉडेलभोवती उभंच राहावं लागतं, म्हणून आधी तेच करा असं सांगितलं. फोटो काढता येतात, फ्लॅश मात्र नको. शंभर वर्षांचे कागदाचे रंग प्रकाशाने उडतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी जमिनीलगत ताणलेल्या तारेवर तोल सांभाळून चालायची सोय आहे. मोठ्यांनीही चालून बघा. चार पावलं टाकली की तारेवर चालणारे हातात छत्री का धरतात ते कळतं.

इंग्रजी पाट्या वाचणं आईवडिलांना कंटाळवाणं होतं. सगळ्या वाचून दाखवू नका. एका वस्तूसमोर एक गोष्ट सांगा आणि त्यांना बोलतं करा : तुमच्या गावाला कुठली सर्कस यायची, तिकीट किती, बाकावर बसायचात की खुर्चीवर. जमलं तर फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा.

उरलेला दिवस

जेवण झाल्यावर बागेत जा. तिथे डझनभर तरी वडाची झाडं आहेत, भारतीय वड, पारंब्या जमिनीत उतरून खोडं झालेली. थॉमस एडिसनने रोपं दिली होती असं सांगतात. आमच्या घरच्या सगळ्या बायकांनी इथे पदर सावरून फोटो काढलेत. महालाला आत जायचं वेगळं तिकीट असू शकतं. वेळ कमी असेल तर काठावरून खाडी बघून परता. कलासंग्रहालयात रूबेन्स या जुन्या युरोपीय चित्रकाराची अवाढव्य चित्रं आहेत, सर्कशीच्या पैशांतून घेतलेली. तेवढी एक खोली तरी चुकवू नका.

संध्याकाळी सेंट आर्मंड्स सर्कल या सारासोटातल्या गोल चौकात गेलात तर तिथल्या गोल बागेत सर्कस कलाकारांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या दिसतील. गाडी लावायला जागा सहाच्या आधी सापडते. आणि तुमच्या तारखा जमत असतील तर सारासोटातल्या सेलर सर्कशीचा खेळ आहे का ते घरूनच बघून निघा. १९४९ पासून चालू असलेली ही शाळकरी मुलांची सर्कस आहे. दिवसभर काचेआड बघितलेले झुले तिथे समोर हलताना दिसतात, आणि तिकिटं लवकर संपतात.